मोरीवरचा वेल

न्हाणीचं पाणी जिथं जाऊन मुरायचं तिथं तो वेल आपोआप उगवला. चांगुणाबाईनं घरामागं वांग्याची रोपं लावली होती, मिरची लावली होती, कुडाच्या कडेनं वालाचं बी टोचलं होतं. पण मोरीच्या तोंडाशी तिनं कधीच काही लावलं नव्हतं. तिथं साबणाचं पाणी साचायचं आणि मातीला आंबूस वास यायचा. दोन जाड पानं वर आलेली दिसली तेव्हा ती उपटायला वाकली. तेवढ्यात मागून नवरा ओरडला, "हात लावू नको!"

चांगुणाबाई दचकली. बन्सीधर हातातली बादली तिथंच ठेवून आला आणि वेलासमोर उकिडवा बसला.

"तू लावलास का ह्यो?"

"मी कशाला लावू? मोरीत कुणी लावतं का?"

"मी बी न्हाई लावला." बन्सीधर पानांकडं बघत राहिला. "मंग कुणी लावला?"

"खरकट्यात बी आलं असंल. न्हाईतर पाखरानं टाकलं असंल."

"पाखराला कुणी धाडलं?"

नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघून चांगुणाबाईनं हात पदराला पुसला आणि ती भाकरी टाकायला आत गेली.

दोघं पेडगावचे. दसरा झाला की ऊसतोडीला जायचं, हे लग्नापासूनचं. एकुलती लेक गंगाखेडकडं नांदायला गेली तरी यांच्या हातातला कोयता सुटला नव्हता. फडावर बन्सीधर दारू प्यायला शिकला आणि मग ती गावातही सुटेना. एका हंगामात तो पिऊन उसाच्या ट्रॅक्टरखाली जाता जाता वाचला. त्यानंतर कुणीतरी त्याला येशूची उपासना घेणाऱ्या चंद्रभान पाळकांच्या प्रार्थनेला नेलं. तिथं तो लहान लेकरासारखा रडला आणि पुन्हा बाटलीला शिवला नाही. नवऱ्यामागं चांगुणाबाईही जायला लागली. वचन, तारण, अभिषेक हे शब्द तिच्या कानावरून जायचे. नवरा संध्याकाळी सरळ चालत घरी येतो, एवढं मात्र तिला कळायचं.

पण मागचा हंगाम फार वाईट गेला. गारठ्यात सगळी टोळी शेकोटीभोवती बाटली घेऊन बसायची आणि बन्सीधर खोपीत गोधडीखाली दात आवळून पडायचा. चांगुणाबाई त्याचा हात धरून बसायची. हात बैलाच्या कातडीसारखा थरथरायचा. गावी परत आल्यावर त्यानं प्रार्थनेत मागणं मागितलं होतं, "प्रभू, आता मला फडावर न्यायचं नसंल तर काहीतरी खूण दाव."

आणि पाऊसकाळात हा वेल उगवला.

चंद्रभान पाळक आठवडाभर विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे आणि रविवारी गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उपासना घ्यायचे. देवानं पहिला माणूस बागेत ठेवला, म्हणून प्रत्येकानं घरामागं दोन वाफे तरी करावेत, असं त्यांचं सांगणं. वचन वाचून झालं की ते बायकांकडं वळून विचारायचे, "ह्या आठवड्यात परसात देवानं काय शिकवलं?"

एकदा चांगुणाबाई उठली. "वांग्यात आळी निघायली. मी रोज वेचून चेंगरायले."

"बरोबर हाय," पाळक म्हणाले. "पाप असंच असतं. बारीक असतानाच चेंगरायचं."

सगळे 'आमेन' म्हणाले. चांगुणाबाई खाली बसली, पण घरी जाताना तिनं नवऱ्याला विचारलं, "अवो, आळी बी देवानंच केली ना? मंग ती पाप कशी काय?"

"तू लय इचार करू नको," बन्सीधर म्हणाला. "इचारानं इश्वास पातळ होतो."

वेल भराभर वाढला. पानं पंजाएवढी झाली. कुडावर चढला, तिथून वालाच्या वेलात घुसला, तिथून न्हाणीच्या पत्र्यावर गेला. पांढरी फुलं लागली आणि फुलांमागं बोटभर, लवदार, फिकी हिरवी फळं दिसायला लागली. दुधी भोपळा. वांग्यांना आळी लागायची, मिरची आकसायची, पण या वेलाला कीड शिवत नव्हती. बन्सीधर सकाळी उठला की आधी मोरीकडं जायचा, वेलावरून हात फिरवायचा आणि मग तोंड धुवायचा.

पुढच्या रविवारी तो साक्ष द्यायला उभा राहिला. शर्टाची वरची गुंडी लावलेली, हात मागं बांधलेले.

"मी पेरलं न्हाई, पानी घातलं न्हाई," तो म्हणाला. "माज्या मोरीच्या घाणीवर प्रभूनं वेल चढवला. मी इचारलं व्हतं, फडावर जाऊ का नको. त्यानं सांगितलं, बस घरी, मी हाय. आमी ह्या साली जाणार न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सारजाबाई नावाची म्हातारी रडायला लागली. पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "पहिलं फळ प्रभूचं असतं. मंडळीची पंगत बसंल त्या प्रीतिभोजनाला ह्याच वेलाची भाजी करू."

चांगुणाबाई बायकांत बसून टाळ्या वाजवत होती. फडावर जायचं नाही, याचा तिला आनंद झाला होता. पण एका भोपळ्याच्या वेलावर एवढं ओझं टाकलेलं बघून तिला आतून कसंसंच वाटायला लागलं. वेलाला रोग पडला तर? शेळीनं खाल्ला तर? मग नवरा काय करील? दुसऱ्याच दिवशी तिनं काटेरी फांद्या आणून मोरीभोवती कुंपण केलं.

मुकादम लिंबाजी टोळी जमवत फिरत होता. तो आला तेव्हा बन्सीधरनं त्याला घरात न बसवता मागं नेलं आणि वेल दाखवला. लिंबाजीनं तंबाखू मळत वेलाकडं बघितलं, बन्सीधरकडं बघितलं.

"बरं मंग? ह्याचं काय?"

"आमी येत न्हाई."

"भोपळ्यापायी?"

"तुला न्हाई कळणार."

लिंबाजी चांगुणाबाईकडं वळला. "वहिनी, ह्याला उनबिन लागलंय का? नवरा-बायको मिळून एक कोयतं, असं मोजायलोय मी. टोळी निघायच्या आधी एकडाव येतो. तवर इचार करा."

चांगुणाबाईनं खाली बघितलं. वेडा नवरा दारुड्या नवऱ्यापेक्षा बरा, असं तिच्या मनात आलं आणि तिलाच त्या विचाराची लाज वाटली.

प्रीतिभोजनाच्या दिवशी सकाळी दोघांनी भोपळे उतरवले. चांगुणाबाई शेडच्या अंगणात विळी घेऊन बसली. भोपळ्याचं देठाकडचं टोक कापलं की चकती जिभेला लावून बघायची, ही तिची हाताची सवय. काकडी असो, दोडका असो, कडू निघालं तर बाजूला टाकायचं. तिनं पहिली चकती उचलली, ओठापर्यंत नेली आणि थांबली. हे प्रभूचं पहिलं फळ. तिची सासू नैवेद्याची पुरणपोळी करताना तोंडातली थुंकीसुद्धा गिळायची नाही. देवाच्या आधी चव घेतली तर सगळा सैपाक उष्टा. चांगुणाबाईनं चकती खाली ठेवली. शिजवतानाही तिनं मीठ बघितलं नाही. अंदाजानं घातलं.

मोठ्या पातेल्यात हरभऱ्याची डाळ आणि भोपळा रटरटला. वर लसणाची फोडणी पडली तेव्हा सगळ्या अंगणात वास सुटला. पाळकांनी लांबलचक प्रार्थना केली. पंगत बसली. मानाचा पहिला घास सारजाबाईचा. म्हातारीनं भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून तोंडात घातला आणि तिचा चेहरा आक्रसला. तिनं सगळा घास हातावर काढला.

"चांगुणे, काय घातलंस गं ह्याच्यात? इख हाय की!"

मग दुसरा थुंकला, तिसरा थुंकला. कुणी पाणी मागायला लागलं, कुणी पदरानं जीभ पुसायला लागलं. चांगुणाबाईनं पळीच्या टोकाला लागलेलं चाटलं. कडूपणा जिभेवरून थेट घशात उतरला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"कडू भोपळा हाय ह्यो," ती म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. "खाऊ नका कुणी. ठेवा ताटं बाजूला."

सगळ्यांनी ताटं बाजूला ठेवली. बन्सीधरनं नाही ठेवलं. तो पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसला होता आणि खात होता. घास चावत नव्हता, गिळत होता. मानेवरच्या शिरा ताठल्या होत्या.

"अवो, ठेवा ते!"

"कडू न्हाई," बन्सीधर म्हणाला.

"डोळ्यातून पानी यायलंय तुमच्या!"

"पाळकसाहेब," बन्सीधरनं मान वर केली, "तुमीच सांगितलं व्हतं. त्या संदेष्ट्याच्या चेल्यांनी रानातली फळं हंडीत शिजवली, जहर झालं. त्यानं मूठभर पीठ टाकलं आन् सगळ्यांनी खाल्लं. सांगितलं व्हतं का न्हाई?"

"सांगितलं व्हतं," पाळक म्हणाले.

"मंग टाका पीठ. प्रार्थना करा."

सगळे पाळकांकडं बघायला लागले. पाळक उभे होते, हातात पुस्तक होतं. "सबूर कर बन्सीधर," ते म्हणाले, "जरा सबूर." पण 'खाऊ नको' असं ते म्हणाले नाहीत. कसं म्हणणार? गोष्ट शास्त्रातलीच होती.

सारजाबाईनं भाकरीच्या पिठाच्या डब्यातून खरंच मूठभर पीठ आणलं आणि पातेल्यात टाकलं. पीठ वर तरंगलं, गुठळ्या झाल्या. बन्सीधरनं आपली रिकामी वाटी पुढं केली. "वाढ," तो चांगुणाबाईला म्हणाला.

चांगुणाबाई पळी धरून उभी राहिली. वाढलं तर हा माणूस जिवानं जाईल. नाही वाढलं तर वेल खोटा, खूण खोटी, आणि ज्याच्या जिवावर यानं बाटली सोडली तेही खोटं, असं होईल का? मग हा पुन्हा त्या दारूच्या दुकानाच्या बाकड्यावर जाऊन बसेल का? देव कुणीकडं उभा आहे तेच तिला कळेना. पिठाकडं आहे का जिभेकडं? जीभही त्यानंच दिली ना?

"वाढ म्हणलं ना!"

तिनं पदर हाताला गुंडाळला, पातेल्याचा काठ धरला आणि सगळा जोर लावून ते कलंडवलं. डाळ, भोपळा, फोडणी, पिठाच्या गुठळ्या, सगळं भसकन मातीत गेलं. गरम रस्सा तिच्या पायावर उडाला. पोरंसोरं ओरडत मागं सरली. अन्न लाथाडल्यासारखं झालं. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

बन्सीधर रिकामी वाटी घेऊन तिच्याकडं बघत होता. त्याला शिव्या देताना, मारताना तिनं बघितलं होतं. पण असं बघताना तिनं त्याला कधी बघितलं नव्हतं.

"इश्वास न्हाई तुला," तो हळूच म्हणाला.

ऊन कलायच्या आत त्याला उलट्या सुरू झाल्या. घरच्या ओट्यावर तो दोन्ही हात पोटात खुपसून वाकडा झाला. आधी भाजी पडली, मग हिरवं पाणी, मग त्यात रक्ताचे धागे. हातपाय गार पडायला लागले. चांगुणाबाई "प्रभू येशू, प्रभू येशू" म्हणत त्याचं कपाळ धरून बसली आणि मध्येच "आई मरीमाय" म्हणाली. आपण काय म्हणालो ते तिच्या ध्यानात आलं आणि ती आणखीच घाबरली.

शेजारचा सिद्धोधन प्रवासी रिक्षा चालवायचा. त्यानं येऊन एकदा बघितलं आणि रिक्षा दाराशी लावली. मागं पळत आलेले पाळक म्हणाले, "थांब, जरा हात ठेवून प्रार्थना करतो."

"पाळकसाहेब, बसा रिक्षात," सिद्धोधन म्हणाला. "परभणीपस्तोर करा की प्रार्थना. मी कुठं नको म्हणायलो?"

पाळक निमूट बसले. वाटभर त्यांनी बन्सीधरचं डोकं मांडीवर धरलं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उलटी झाली तरी त्यांनी हात काढला नाही. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द चांगुणाबाईला ऐकू येत नव्हते.

सरकारी दवाखान्यात सलाईन लागली. डॉक्टरीणबाईनं काय खाल्लं ते विचारलं. "कडू दुधी," चांगुणाबाई म्हणाली. "कडू लागल्यावर थुंकला का नाही?" बाईंनी विचारलं. चांगुणाबाईनं पाळकांकडं बघितलं. पाळक खिडकीबाहेर बघत होते.

"चव गेलीय त्यांची," चांगुणाबाई खोटं बोलली.

बन्सीधर जगला. काही दिवस तो दवाखान्यात भिंतीकडं तोंड करून पडायचा. प्रार्थनेतली माणसं भेटायला यायची आणि प्रत्येकजण वेगळं सांगायचा. एक म्हणालं, विश्वास होता म्हणूनच एवढं जहर पचलं. दुसरं म्हणालं, देवाची परीक्षा घेऊ नये, तिनं पातेलं सांडलं ते देवानंच सांडवलं. सारजाबाई पदराआडून म्हणाली, "चांगुणे, मी तुझ्यावर राग धरला न्हाई गं. पण चव बघायला पायजे व्हती." यातलं कुठलं खरं? चांगुणाबाई सगळ्यांना मान हलवायची आणि सगळ्यांना हो म्हणायची.

ती त्याला घेऊन घरी आली तेव्हा वेल होता तसाच होता. उलट आणखी लदबदला होता. न्हाणीच्या पत्र्यावरून लेकराच्या पायासारखे भोपळे लोंबत होते. तिनं कुंपणाच्या काट्या बाजूला केल्या आणि बुडाशी विळा लावला. खोड कापलं तरी वेल सुटेना. त्याचे धागे वालाच्या वेलाला वेटोळे घालून बसले होते. ओढलं की वालही तुटत होता आणि वालाला तर नुकत्या शेंगा धरल्या होत्या. ती खाली बसून एकेक धागा नखानं सोडवायला लागली.

पाळक आले. हातात औषधाच्या गोळ्या होत्या. त्या ओट्यावर ठेवून ते तिच्याजवळ आले.

"आज देव काय शिकवायलाय परसातून?" चांगुणाबाईनं मान वर न करता विचारलं. तिला टोमणा मारायचा नव्हता, पण तो तसाच निघाला.

पाळक तिथंच मातीत बसले. "बाई, त्या दिवशी मला 'खाऊ नको' म्हणायचं व्हतं," ते म्हणाले. "जिभेवर आलं व्हतं. पण वाटलं, मी म्हणलो तर लोक म्हणतील, पाळकाचाच इश्वास न्हाई. तवर तुमी पातेलं सांडलं."

"मी बरं केलं का वाईट केलं?"

"जीव वाचला."

"ते मला बी दिसायलंय. देवाला कसं वाटलं, ते इचारायले मी."

पाळकांनी एक धागा हातात घेतला आणि सोडवायचा प्रयत्न केला. तो त्यांच्या हातात तुटला. "मला ठाऊक न्हाई," ते म्हणाले. मग दोघं धागे सोडवत बसले. वालाच्या बऱ्याच फांद्या वाचल्या, काही गेल्या.

बन्सीधर दारात काठी टेकून उभा होता. कापलेला वेल उन्हात कोमेजत होता. त्याच्याकडं बघून तो आत गेला.

दसरा झाला आणि लिंबाजीचा ट्रॅक्टर गल्लीत आला. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, पत्रे, शेळ्या, माणसं. लोक वेगवेगळं सांगून थकले होते, आता खूण उरली नव्हती, आणि घरात जोंधळा किती उरलाय ते चांगुणाबाईनं सकाळीच बघितलं होतं. बन्सीधर ओट्यावर बसला होता. त्यानं दोघांचे कोयते काढून जवळ ठेवले होते. ते त्यानं कधी काढले ते तिला कळलं नव्हतं.

"चला," तो लिंबाजीला म्हणाला. "येतो आमी."

तो उठला. ओट्याची पायरी उतरताना त्यानं खांब धरला. गालाची हाडं वर आली होती. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. लिंबाजीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तंबाखू थुंकली.

"बन्सी, उसाची मोळी डोक्यावर घिऊन ट्रॉलीच्या फळीवर चढशील का तू?"

"चढंल."

"पडशील. आन् माज्या माथ्यावर येईल." लिंबाजीनं त्याचा हात धरून त्याला परत बसवलं. "ह्या साली न्हाई बाबा. तुझ्या जागी दुसरं कोयतं घेतो. पुढच्या साली धडधाकट झालास तर बघू."

ट्रॅक्टर निघाला. गल्लीतल्या बाया ट्रॉलीतून हात हलवत होत्या. धूळ खाली बसेपर्यंत चांगुणाबाई दारात उभी राहिली. फडावर जायचं नव्हतं, ते झालं. हवं होतं ते मिळालं. लेकीला निरोप धाडायला लागेल. उद्या आप्पाराव पाटलाच्या शेतात कापूस वेचायला जाता येईल. नवरा घराशीच राहील, अजून काही दिवस शेंगा निवडायलासुद्धा त्याला त्राण नाही.

ती आत आली. बन्सीधर चुलीपुढं बसला होता. तिनं वाल घालून केलेली भाजी आणि भाकरी पुढं ठेवली. त्यानं नेहमीसारखे हात जोडले, डोळे मिटले.

"प्रभू," तो म्हणाला.

आणि थांबला. चांगुणाबाईनंही डोळे मिटले होते. ती वाट बघत राहिली. बाहेर कोंबडी माती उकरत होती. आभार मानायचे का माफी मागायची, का भांडायचं, ते त्याला ठरवता येईना.

"चांगुणे," शेवटी तो डोळे मिटूनच म्हणाला, "त्यानं ऐकलं म्हणायचं का?"

"मला इचारू नका."

"मंग काय म्हणू?"

चांगुणाबाईनं डोळे उघडले. तो अजून हात जोडून बसला होता आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं त्याच्या हाताला हात लावला. हात थरथरत नव्हता.

"आमेन म्हणा," ती म्हणाली. "भाकरी गार व्हायली."